गोंदाचा पहिला हात

गिटार कपाटावरून खाली आली तेव्हा माझ्या डाव्या हातात फडकं होतं आणि ते मी सोडलं नाही. एवढंच झालं. सोमवारी सकाळी कामावर निघायच्या आधी तिच्यावरची धूळ पुसावी म्हणून मी स्टुलावर चढले, उजव्या हाताने तिचा पट्टा धरून ओढला, पट्टा मागच्या बटणातून निसटला आणि ती माझ्या डाव्या खांद्याला घासून खाली गेली. सावकाश म्हणावं इतकी हळू गेली. डावा हात तिथेच होता, वीतभर अंतरावर. फडकं टाकून तिला धरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ होता, पण मी फडकं उलट आणखी घट्ट धरलं. आवाजही फार मोठा झाला नाही. ती पाठीवर आपटली, सगळ्या तारा एकदम गलबलल्या आणि त्यांच्या खालून खडू मोडल्यासारखा एक छोटा कोरडा आवाज आला. स्टुलावरून बघितलं तर तिचं डोकं, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्या असतात तो भाग, पुढे वाकलं होतं. तारांनी ओढून धरलं होतं म्हणून तुटून बाजूला पडलं नव्हतं. मी खाली उतरले आणि काय केलं, तर आधी फडक्याची नीट घडी करून ते खिडकीत ठेवलं.

शुक्रवारी दुपारी नवरा घरी येणार होता. त्याला झटका येऊन नऊ आठवडे झाले होते. तीन आठवडे दवाखान्यात गेले आणि सहा त्या केंद्रात, जिथे माणसाला पुन्हा उभं राहायला, घोट गिळायला, बोलायला शिकवतात. पाय सुधारला होता, काठी घेऊन चालायचा. जीभ जड होती, दोन-दोन शब्द ओढून आणावे लागायचे. डावा हात मात्र आणून ठेवल्यासारखा मांडीवर पडलेला असायचा. (मनात मी त्याला तोच म्हणते. तोंडावर अहो-जाहो. लग्न झालं तेव्हा तशी पद्धत होती आणि नंतर बदलायचा कंटाळा आला.) शेवटच्या आठवड्यात तिथल्या व्यायामाच्या बाईंनी त्याला विचारलं, ‘काका, घरी गेल्यावर हाताला काय द्यायचं? तुमच्या आवडीचं काहीतरी हवं, नाहीतर हात आळशी होतो.’ तो जीभ हलवायची तयारी करतोय तोवर मीच बोलून गेले, ‘गिटार!’ बाईंनी टाळ्या पिटल्या. ‘अहो, मग झालंच की! डाव्या हाताला याच्यापेक्षा चांगला व्यायाम नाही.’ त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी किती आठवड्यांनी खिडकीबाहेर बघत बसले. दुकानं, पाट्या, माणसं सगळं दिसत होतं. वाटलं, आता मार्ग सापडला. आणि आता तो मार्ग मी स्टुलावरून खाली टाकला होता.

माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं, ही खरी गोष्ट. ती गिटार आमच्या लग्नाच्या आधीपासूनची. बसच्या आगारात तिकिटांच्या खिडकीवर आठ तास बसून तो साडेसहाला घरी यायचा, चहा घ्यायचा आणि पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून वाजवायला बसायचा. म्हणजे माझ्या वाट्याला पाठ. दोन तास मी कांदा चिरायची, कपडे घड्या करायची, आणि ती पाठ डोलायची. एक तुकडा होता, त्यात एका ठिकाणी त्याची बोटं हटकून अडकायची. तो थांबायचा, ‘च्’ करायचा, पुन्हा पहिल्यापासून. तीस वर्षांत ती जागा सुटली नाही, आणि तीस वर्षं ती यायच्या आधी मी हातातलं काम थांबवत आले. कधीतरी लग्नाच्या सातव्या-आठव्या वर्षी, त्याचे वाजवणारे मित्र घरी जमले होते. त्यांतल्या ड्रमवाल्याला सगळे ठोक्या म्हणतात, त्याच्या बायकोसकट. मी कामावरून दमून आलेली, आणि स्वयंपाकघरातून ओरडले, ‘एक दिवस ही गिटार मोडून चुलीत घालते की नाही बघा!’ सगळे पोट धरधरून हसले. नवऱ्याला तर ते इतकं आवडलं की पुढची वीस वर्षं घरी येईल त्याला तो सांगायचा, ‘हिच्यापासून जपावी लागते बुवा, मोडायची सुपारी घेतलीय हिने.’ मीही हसायची. हसता हसता ती गोष्ट इतक्या लोकांना पाठ झाली की आता कपाटावरून पडली असं मी सांगितलं असतं तर त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या असत्या. आणि भुवयांचं तरी काय घेऊन बसायचं. मलाच कुठे माहीत होतं? सोमवारी दिवसभर मी तो क्षण पुढेमागे करून बघत होते. पट्टा निसटतो, खांद्याला घासते, हात वीतभर अंतरावर आहे. फडकं का नाही सोडलं? जुन्या बनियनचं फडकं, दोन पैशांची वस्तू, ती मी अशी धरून ठेवली होती की जणू कोणी हिसकावून नेणार होतं.

शिवाय दुसरी गोष्ट होती, जी त्याला आणि मलाच ठाऊक होती. झटका आला त्या सकाळी बूट घालता घालता तो म्हणाला होता, ‘डाव्या हाताला मुंग्या येतायत गं.’ आणि मी डब्याचं झाकण लावत म्हणाले, ‘उठल्यासुटल्या तारा दाबल्यावर दुसरं काय येणार!’ तो हसला, नाडी बांधायचा प्रयत्न केला, जमली नाही, तशीच आत खोचली आणि गेला. ती न बांधलेली नाडी मी बघितली होती. दोन तासांनी आगारातून फोन आला. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही लक्षणं? मी म्हणाले, नाही. तो तेव्हा बोलू शकत नव्हता आणि पुढे दोन-दोन शब्द बोलायला लागल्यावरही त्याने ते त्या मुंग्यांसाठी खर्च केले नाहीत. मुंग्या हा शब्द आमच्या घरातून गेला तो गेलाच. म्हणून गिटार मला हवी होती. त्याला हवी होती म्हणून मला हवी, असं मी स्वतःला सांगत होते, पण खरं म्हणजे त्या हाताच्या बोटांनी एकदा, एकच तार, नुसती दाबली असती तर मी सुटले असते.

पण गोंदाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला नको, असा माझा तोरा. सत्तावीस वर्षं मी ग्रंथालयाच्या बांधणी विभागात आहे. पाठ निखळलेली, पानं सुटलेली, उंदरांनी कुरतडलेली पुस्तकं तळघरातल्या आमच्या खोलीत येतात आणि मी ती शिवून, चिकटवून, दाबाखाली ठेवून परत वर पाठवते. सोमवारी अर्धी रजा टाकून मी तिथला लाकडाचा पांढरा गोंद आणि बारीक ब्रश पिशवीत घालून घरी आणला. तारा सैल करून काढल्या तसं डोकं अलगद हातात आलं. तुटलेली जागा बघून मला रडायच्या जागी हायसं वाटलं. बोरूच्या टोकासारखी लांब तिरकी चीर होती, चांगली चार बोटं. लाकडाचे रेषे दोन्हीकडे उभे होते आणि दोन तुकडे एकमेकांवर ठेवून दाबले की चीर कुठे होती ते शोधावं लागत होतं. इतकी चांगली मोडलेली वस्तू माझ्या हातात क्वचितच आली असेल. मी मेज पुसलं, वर्तमानपत्र अंथरलं, आणि हाताच्या सवयीने कामाला लागले. ज्यांनी मला हे काम शिकवलं ते म्हातारे बांधणीकार सांगायचे, पहिला हात पाजायचा असतो, दुसरा चिकटवायचा. पुस्तकाच्या पाठीला आधी पातळ गोंदाचा एक हात द्यायचा, तो फर्म्यांच्या, म्हणजे शिवलेल्या पानांच्या जुड्यांच्या, फटीत मुरू द्यायचा, पूर्ण सुकू द्यायचा. मग दुसरा जाड हात आणि त्यावर जाळीचं कापड. घाई करणाऱ्याची पाठ दोन वर्षांत सुटते. मी घाई केली नाही. गोंदात थोडं पाणी घालून दोन्ही चिरांना पातळ हात दिला, रेष्यारेष्यांत ब्रशचं टोक घालून दिला, आणि तुकडे वेगवेगळे, चीर वर करून, रात्रभर सुकायला ठेवले. झोपताना पुन्हा एकदा उठून बघितलं. काचेसारखी चकाकी आली होती. मला त्याचा अभिमान वाटला, हेही सांगून टाकते.

मंगळवारी सकाळी दुसरा हात दिला, तुकडे जुळवले, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्या ओढून ओढून गुंडाळल्या. कडेने गोंदाचे बारीक मणी बाहेर आले, ते पुसले, आणि कामावर गेले. दिवसभर माझे हात दुसऱ्यांची पुस्तकं शिवत होते आणि मी घरी पलंगावर त्या मानेजवळ बसले होते. बुधवारी संध्याकाळी पट्ट्या सोडल्या. सांधा अंगठ्याने चाचपला, कुठे काही लागलं नाही. मी मोठ्यांदा ‘शाब्बास’ म्हणाले, रिकाम्या घरात. तेवढ्यात दिराचा फोन. ‘वहिनी, शुक्रवारी बाराला निघतो आम्ही. दादा आज दोनदा विचारत होता, गिटार घरात आहे ना म्हणून.’ ‘दोनदा?’ ‘दोनदा. सारखं तेच डोक्यात आहे त्याच्या. तुम्ही तारा-बिरा लावून तयार ठेवा, आल्या आल्या देऊ हातात.’ मी फोन ठेवला. दोनदा विचारलं म्हणजे एकूण शब्दांतले किती शब्द त्याने गिटारीवर घालवले! मी तारा बसवायला घेतल्या. बारीक तार चढली, दुसरी, तिसरी. कानाने मला कळतं, तीस वर्षं ऐकल्यावर दगडालाही कळेल. चौथी तार पिळत असताना आतून एक बारीक कुरकुर ऐकू आली, शिवण उसवताना येते तशी. मी थांबले. पिळणं थांबलं तरी कुरकुर थांबली नाही. माझ्या डोळ्यांदेखत सांध्याची एक रेघ उगवली, ती केसाएवढी झाली, मग नखाएवढी, आणि डोकं पुढे वाकत वाकत तारांवर येऊन टेकलं. मी दोन्ही हातांनी ते मागे दाबून धरलं. किती वेळ धरलं कोण जाणे. हात दुखायला लागले तरी सोडवेना, कारण सोडलं की मोडलेली गिटार आणि मी, दोघीच उरणार होतो.

त्या वेळात मी काय काय विचार केले ते आता आठवून लाज वाटते. घरात चोरी झाली म्हणून सांगावं. किंवा अशीच दुसरी आणावी. पण तो तिला वासावरून ओळखेल. किंवा दिराला फोन करून सांगावं की मला ताप आलाय, आणखी आठ दिवस त्याला तिथेच राहू द्या. हा शेवटचा विचार तर इतका पटला की मी फोन हातातही घेतला. आपला नवरा घरी येऊ नये असं वाटणारी बायको कशी असते ते बघायला आरशात जावंसं वाटलं नाही. आणि मुख्य म्हणजे माझं कसब कसं फसलं, हे कळत नव्हतं. गोंद चांगला, जागा चांगली, दाब चांगला, वेळ भरपूर दिला. मग सुटलं का? चीर उघडून बघितली तर दोन्ही बाजू गुळगुळीत, चकचकीत, एकाही बाजूला लाकडाचा रेषा ओढला गेलेला नाही. जणू दोन थरांची नुसती गाठ पडली होती आणि निरोप घेऊन दोघे आपापल्या घरी गेले होते. मला उगाच वाटलं, माझ्या हातचं आता काहीच टिकणार नाही. ज्या हाताने फडकं सोडलं नाही त्याच हाताने मी हे चिकटवलं होतं.

गुरुवारी गिटार चादरीत गुंडाळून बसमधून ग्रंथालयात नेली. लोक बघत होते, म्हटलं बघा. आमच्या तळघरात शेवटच्या खोलीत मिस्त्री बसतो, मांडण्या आणि खुर्च्या दुरुस्त करणारा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, आणि जे बोलतो ते टोचून. त्याने चीर उजेडात धरली, नखाने खरवडली, आणि माझ्याकडे वर बघितलं.

‘बाई, याला आधी पाजलंत?’

‘पाजलं. पातळ हात दिला, सुकू दिला, मग दुसरा.’

‘पुस्तक समजलात काय?’

मी चीर पुन्हा निरखून बघितली.

‘अहो, गोंद लाकडात शिरतो म्हणून धरतो. तुम्ही आधीच पोटभर पाजून सुकवलंत. वरच्या गोंदाने शिरायचं कुठे? सुकलेल्या गोंदावर गोंद बसत नाही. कोणा पोऱ्याने एकदाच चोपडून दाबून टाकला असता, तर बसला असता कायमचा. तुम्ही जास्त शहाणपणा केलात.’

‘आता?’ मी विचारलं.

‘आता खरवडा. कोमट व्हिनेगर लावा, मऊ पडेल, दातांच्या ब्रशने काढा. रेषा मोडू देऊ नका. कोरं लाकूड दिसलं पाहिजे. मग बघू.’ तो थांबला, आणि मग जरा हळू म्हणाला, ‘कोणाची आहे?’

‘घरातल्यांची.’

‘त्यांना सांगितलंत?’

मी नाही म्हणून मान हलवली. त्याने स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत मी खरवडत होते. आंबट वास नाकातून डोक्यात चढला. नखांच्या कडा सोलल्या आणि त्यांत व्हिनेगर गेलं की डोळ्यांत पाणी यायचं, त्यामुळे मी रडते आहे की नाही हे मलाही ठरवावं लागलं नाही. आधी गोंद पांढरा पडायचा, मग साईसारखा सुटायचा, आणि खाली लाकूड दिसायचं, फिकट, ओलं, अगदी उघडं. जितकं लाकूड दिसत गेलं तितकी मी बोलत गेले, मनातल्या मनात, त्याच्याशी. मुंग्यांचं सांगितलं. नाडीचं सांगितलं. तुमची ती अडकणारी जागा यायच्या आधी मी सुरी खाली ठेवायची, ते सांगितलं. ते तीस वर्षांत सांगितलं नव्हतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचात म्हणून तुम्हाला माहीत नाही. एवढं सगळं सांगून झाल्यावर मला भयंकर थकवा आला, कारण ऐकायला दातांचा ब्रश होता. लाकूड वाळल्यावर मिस्त्रीने स्वतः गोंद लावला, एकच हात, भरभरून, आणि चार शिकंज्यांमध्ये लाकडी पट्ट्या घालून आवळलं. म्हणाला, ‘हलवू नका. उद्या सकाळी न्या.’ शुक्रवारी सकाळी त्याने शिकंजे काढले, डोक्यावर बोटाने टकटक केली, कान लावला, मग तळहाताने चांगला जोर देऊन बघितलं. ‘धरलंय,’ तो म्हणाला. ‘आता मोडलीच तर दुसरीकडे मोडेल. इथे नाही. आजचा दिवस फक्त तारा लावू नका.’ मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. मी नुसतं ‘बरं’ म्हणाले आणि पळत बस पकडली.

एक वाजून गेल्यावर रिक्षा थांबली. दिराने त्याला आणून पलंगावर बसवलं, पाणी दिलं आणि औषधं आणायला म्हणून खाली गेला. नऊ आठवड्यांनी तो आपल्या खोलीत बसला होता, पलंगाच्या त्याच कडेला, पण भिंतीकडे पाठ करून. मी समोर उभी. गिटार मी उशांना टेकवून ठेवली होती. तारा नाहीत, मानेला मिस्त्रीने गुंडाळलेली जाड पट्टी. त्याची नजर खोलीभर फिरून तिच्यावर आली.

‘हे... काय?’

तीन दिवस घोटलेलं वाक्य तोंडात तयार होतं. ‘पडली हो माझ्या हातून, पण नीट केलीय.’ त्यातला ‘पण’ महत्त्वाचा होता.

‘पडली,’ मी म्हणाले.

‘मोडली?’

‘मोडली, प–’

त्याने डोळे मिटले. एक लांब श्वास सोडला, इतका लांब की मला वाटलं काही झालं की काय. त्याचे खांदे खाली आले. मग तो बोलला, आणि त्या दोन शब्दांत कुठेच जीभ अडखळली नाही.

‘बरं झालं.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बरं झालं? माझी नखं सोलली, चार दिवस मी घास नीट गिळला नाही, आणि बरं झालं? ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे गेलं. उजवा हात डाव्यावर ठेवला होता, तो झाकून. घरात शिरल्यापासून तो तसाच झाकून बसला होता. त्याने डोळे उघडले, माझा चेहरा बघितला, आणि घाबरला. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या लक्षात आलं. ‘म्हणजे... वाईट... झालं,’ तो घाईघाईने म्हणाला. ‘वाईट.’ मग, थांबून, ‘नीट... होईल?’

असं काही विचारताना माणसाला काय ऐकायचं असतं ते तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला कळत नाही असं होत नाही. तो दोनदा विचारत होता ना, गिटार घरात आहे का? मी ते सगळं उलटं ऐकलं होतं. बाईंना गिटार म्हणून उत्तर दिलं होतं ते मी. त्या दिवसापासून तो या खोलीला भीत होता, या पलंगाला, मी हौसेने तिच्या तारा लावून वाट बघत असेन त्याला. त्याच्या हातात गिटार दिली असती, दीर, मी, बाई सगळे टक लावून त्या बोटांकडे बघत बसलो असतो, आणि बोटं हलली नसती. आणि मला तर त्या बोटांनी माझी सुटका करायला हवी होती.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘सुताराला दाखवली. लाकूडच गेलंय म्हणाला. काही होण्यासारखं नाही.’

तो हळूहळू मान डोलवत राहिला. सुटल्यासारखा दिसत होता, पण मला पुढचं दिसत होतं. पडली म्हटलं तर दीर संध्याकाळच्या आत नवी गिटार घेऊन दारात उभा राहील. ठोक्या आपली देईल. बाई म्हणतील, जुनीच हवी असं कुठाय? अपघाताने गेलेली वस्तू लोक भरून देतात, ते चांगले लोक आहेत. एकच घर असं असतं जिथे कोणी पुन्हा गिटार आणत नाही.

‘कशी... पडली?’ त्याने विचारलं.

‘पडली नाही,’ मी म्हणाले. ‘मी टाकली.’

त्याला कळायला वेळ लागला. ‘मुद्दाम?’

फडकं, खांदा, वीतभर अंतर. ‘हो. मुद्दाम. राग होता माझा तिच्यावर. तुम्हाला माहीतच आहे.’ हे बोलताना मला खोटं बोलल्यासारखं फारसं वाटलं नाही, तेच वाईट होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. आधी त्याला पटेना, मग पटलं. पटायला घरात वीस वर्षांची तयारी होती. कपाळावर शीर आली, ओठ एका बाजूला ओढले गेले, उजवा हात डाव्यावरून उचलून त्याने माझ्याकडे बोट केलं. ‘तू... बाई आहेस... की...’ पुढचा शब्द सापडला नाही. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला इतक्या आठवड्यांनी ती पाठ दिसली. मी गिटार उचलली, चादरीत गुंडाळली आणि आतल्या खोलीत, माझ्या साड्यांच्या पेटीमागे, उभी करून ठेवली. ठेवताना नकळत मानेवरून हात फिरला. सांधा पक्का होता.

दिराला त्याने त्याच दिवशी सांगितलं. दीर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलून गेला. रविवारी ठोक्या आला, दारातूनच मोठ्याने, ‘काय राव, कधी बसायचं?’ म्हणत. बोलता बोलता त्याची नजर कपाटावर गेली आणि तिथे काही नाही हे बघून तो थांबला. मी चहाचे कप घेऊन आत येत होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. शब्द एकेक करून, पण न थांबता, त्याने रचले.

‘हिने मोडली. रागाने. नाहीतर... आज... वाजवली असती.’

आजारानंतर एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. बोलताना त्याची मान ताठ होती. ठोक्या माझ्याकडे वळला. त्याला हसू येईना, कप घ्यायला त्याने हातही पुढे केला नाही. ‘वहिनी?’ तो म्हणाला. नवराही आता बघत होता, मी काय म्हणते ते ऐकायला, आणि त्याचा उजवा हात पुन्हा डाव्यावर गेला होता.

‘हो,’ मी म्हणाले. ‘नाहीतर वाजवली असती त्यांनी.’